बाजारभाव बघताना आधी वजन बघा

मेंढ्या किंवा गुरं विकायची असली की आपण पहिलं विचारतो भाव काय चाललाय, पण तो भाव जिवंत वजनाचा आहे, मटणाच्या वजनाचा आहे की नगावर उक्ता, हे विचारायचं राहून जातं आणि तिथंच फसगत होते. 40 किलोच्या मेंढीचा उतारा, म्हणजे जिवंत वजनातून निघणाऱ्या मटणाचा वाटा, 48 टक्के धरला तर 19 किलोच्या आसपासच मटण निघतं, म्हणजे दोन भाव ऐकायला कितीही लांब वाटले तरी हिशोब लावल्याशिवाय कुठला चांगला ते कळणारच नाही.

काटा नसेल तर गुरांसाठी टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा, मग खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत (शेपटीखालचं टोकदार हाड) लांबी, तीही इंचातच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, झाले किलो. घेर 60 आणि लांबी 50 आली तर साधारण 273 किलो. अंदाजच आहे हा, पण नुसत्या नजरेपेक्षा कितीतरी बरा, आणि मोजताना जनावर सपाट जमिनीवर सरळ उभं पाहिजे, टेप सैल नको.

एका दिवसाच्या भावावर जाऊ नका, तीन-चार बाजारांचे आकडे वहीत लिहा, सोबत वय, वजन, तब्येत पण लिहा, कारण सगळ्यात जास्तीचा भाव बहुतेक एखाद्या निवडक जनावराला मिळालेला असतो आणि आपण तोच धरून बसतो. लांबच्या प्रवासात पोट रिकामं होऊन वजन उतरतं, तेही गाडीभाड्यासोबत आधीच वजा करा, आणि पाणी पाजायला विसरू नका प्लीज.