काळ्या मातीवरचा हौद

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की दुपारी मुलांना घरात कोंडून ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. कूलर सुरू असतो, वाळ्याच्या ताट्या भिजवलेल्या असतात, तरी नातवंडं खिडकीला नाक लावून बसतात. त्यांच्यासाठी तीन उन्हाळ्यांपूर्वी मी मागच्या आंगणात जमिनीवर उभा राहणारा हौद बसवला. इंटेक्स किंवा बेस्टवे कंपनीचा मिळतो तसाच: लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यात जाड पीव्हीसीचं कापड. व्यास 10 फूट, उंची 30 इंच. नातवंडं त्याला स्विमिंग पूल म्हणतात, मी हौदच म्हणतो.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, बहुतेक कालव्यांवर. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक विचारतात, हौद कुठला घेऊ, किती मोठा घेऊ? मी त्यांना आधी विचारतो, तुमच्या आंगणात माती कोणती आहे? हौद उभा करायला दोन तास लागतात. त्याच्याखालची जमीन करायला तीन दिवस द्यावे लागतात, आणि सगळं यश त्या तीन दिवसांत आहे.

आधी वजन लक्षात घ्या. एवढ्या हौदात साडेचार हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे साडेचार टन. आमच्याकडे अनेकांचा पहिला विचार गच्चीचा असतो, कारण आंगण लहान आणि गच्ची रिकामी. तो विचार सोडून द्या. घराच्या गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 150 किलो वापरातला भार धरून काढलेला असतो. हा हौद तिथे 600 किलोच्या वर भार टाकतो. माझ्या बहिणीच्या जावयाला मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी बेत रद्द केला. तुम्हीही करा.

जागा निवडताना माझ्यासमोर 18 बाय 22 फुटांचं आंगण होतं. त्यात एका कोपऱ्यात सेप्टिक टँक. त्याच्या झाकणाच्या फरशीवर हौदाची कडसुद्धा येऊ देऊ नका. ड्रेनेजचं चेंबर आणि जमिनीखालची पाण्याची टाकी यांनाही तोच नियम. कंपाउंडच्या भिंतीपासून तीन फूट अंतर सोडलं, म्हणजे चारही बाजूंनी फिरता येतं आणि कधी कापड फाटलंच तर पाण्याचा लोंढा थेट शेजाऱ्याच्या भिंतीवर जात नाही. वर बघायलाही विसरू नका. विजेच्या खांबावरून घरात येणारी तार डोक्यावर नको. कडुलिंबाची फांदीही नको, कारण चैत्र-वैशाखात त्याचा फुलोरा झडतो आणि तो फिल्टरच्या जाळीत बसतो.

आता माती. आमच्या भागात काळी माती आहे, कपाशीची. एप्रिल-मे मध्ये तिला भेगा पडतात आणि ढेकूळ हातोडीने फुटत नाही. पहिल्या वर्षी त्या कडकपणावर मी विसंबलो. गवत काढलं, ताडपत्री अंथरली, हौद उभा केला. मुलं उड्या मारतात, पाणी बाहेर सांडतं, आणि सांडलेलं पाणी कडेच्या भेगांतून खाली जातं. चौथ्या दिवशी नळाच्या बाजूचे दोन पाय चार इंच खचले. पाणी सगळं तिकडे ओढलं गेलं आणि कापड त्या बाजूला पोटासारखं फुगलं. मुलांना बाहेर काढून रात्रभर नळीने हौद उपसला. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि मऊ होते, वाळली की आकसते. कालव्याच्या अस्तराखाली आम्ही तिच्यावर न फुगणाऱ्या मातीचा, बहुधा मुरमाचा, थर घालत असू. आंगणातही तेच करायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी मिस्त्रीला बोलावलं. त्याने पहिला ढेकूळ हातात घेतला, त्यावर लोट्यातलं पाणी टाकलं आणि बोटांनी मळून मला दाखवला. म्हणाला, "साहेब, लय बेइमान माती आहे ही. पाणी प्याली का आपली राहत नाही." मग आम्ही मध्यभागी खुंटी ठोकली, तिला सहा फूट सुतळी बांधली आणि गोल फिरवत फक्की मारली. हौद 10 फुटांचा असला तरी पाया 12 फुटांचा घ्यायचा, म्हणजे सांडलेलं पाणीही मुरमावरच पडतं.

त्या गोलातली माती आठ-नऊ इंच खणून बाहेर काढा. खणताना हराळीची मुळं आणि त्याहून जास्त लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो. तो ताडपत्री भोकसून हौदाच्या तळातून वर येऊ शकतो. माझ्या पत्नीने आणि धाकट्या नातीने एक सकाळ घालवून पाटीभर गाठी वेचल्या. तणनाशकापेक्षा मला ही मेहनत बरी वाटते, कारण त्याच जागी मुलं अनवाणी खेळणार असतात.

खड्ड्यात मुरूम भरायचा तो दोन थरांत. चार इंच पसरा, पाणी शिंपडा, धुम्मसने चांगला कुटा, मग दुसरा थर. सगळा एकदम ओतून वरून कुटलात तर खालचा भाग पोकळ राहतो. 12 फुटांच्या गोलाला एक ब्रास (100 घनफूट) मुरूम पुरतो. कुटून झाल्यावर टाचेने जोरात दाबून बघा. ठसा उमटला तर अजून कुटाई हवी. आणि एक नियम पक्का धरा: मूळ जमीन एकीकडे उंच असेल तर उंच बाजू खरवडून खाली आणायची. सखल बाजूवर भर घालून ती वर उचलायची नाही. भर कितीही कुटली तरी ती मूळ जमिनीपेक्षा जास्त बसते आणि हौद तिकडे कलतो.

लेव्हल काढायला महागडं यंत्र लागत नाही. मिस्त्रीची पारदर्शक नळी पुरते. नळीत पाणी भरायचं, एक टोक मधल्या खुंटीवरच्या खुणेला धरायचं आणि दुसरं टोक कडेच्या खुंट्यांपाशी एकेक करत न्यायचं. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिरावलं की ते एका पातळीत असतं. आमची पहिली तीन मापं जुळली, चौथं पाऊण इंच खाली आलं. मी फावडं उचललं तर मिस्त्रीने हात केला. त्याने नळी उन्हात आडवी धरली, तिच्यात हरभऱ्याएवढा बुडबुडा अडकलेला दिसला. नखाने टिचक्या मारत त्याने तो टोकाशी आणून सोडला आणि पुन्हा माप घेतलं. पाऊण इंचाचा फरक नाहीसा झाला. नळीत हवा असली की माप चुकतं, म्हणून प्रत्येक वेळी उजेडात धरून तपासा. या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या इंचाचा फरक चालेल. एक इंचाच्या वर गेला तर पुन्हा कामाला लागा.

मुरमावर एक इंच चाळलेली वाळू, फळीने ओढून सपाट केलेली. वाळू चाळलेलीच हवी, एखादी कचही कापडाला पुरते. हौदाच्या पायांच्या जागा आधी मोजून ठेवा आणि प्रत्येक पायाखाली फूटभर शहाबादी फरशीचा तुकडा वाळूच्या पातळीत बसवा. पाण्याचं वजन तळावर येतं, पण कड तोलणारे पाय बारीक नळीचे असतात आणि ते मुरमातसुद्धा रुततात. सगळ्यावर दुहेरी ताडपत्री. भिंतीकडेला घुशीचं बीळ असेल तर ते आधी खणून काढून दगडमातीने बुजवा. घूस खालून पोखरते आणि पाया गेल्याचं भरलेला हौद कलल्यावरच समजतं.

उभारणी सकाळी सहाला सुरू करा. नऊनंतर लोखंडी नळ्यांना हात लावता येत नाही. कापड 20 मिनिटं कोवळ्या उन्हात पसरा, म्हणजे ते मऊ होतं. ते ओढत नेऊ नका, चौघांनी उचला. तळाचं बूच नालीच्या बाजूला आलं पाहिजे, हे नळ्या जोडण्याआधी बघा, नंतर कापड फिरवता येत नाही. नळ्या बाह्यांत सरकवून जोड बसवले, पाय लावले, की फक्त एक इंच पाणी सोडा आणि नळ बंद करा. मग अनवाणी आत उतरून तळाच्या सुरकुत्या मधून कडेकडे सारा. एकदा पाणी चढलं की त्या निघत नाहीत आणि त्यांतच शेवाळ धरतं. फूटभर भरल्यावर पुन्हा थांबून पाण्यापासून कडेपर्यंतचं अंतर चार ठिकाणी टेपने मोजा. फरक मोठा असेल तर याच क्षणी रिकामा करा. एवढ्या पाण्याने बागच भिजेल, नुकसान काही होत नाही.

आम्ही नळाचं पाणी दोन रात्रींत भरतो, म्हणजे दिवसा घरच्यांना आणि शेजाऱ्यांना दाब कमी पडत नाही. टँकर मागवलात तर त्याचा पाइप थेट हौदात सोडू देऊ नका. त्या जोराने बसवलेलं कापड सरकतं. आणि हे पाणी हंगामभर एकच ठेवायचं आहे. दर आठवड्याला हौद रिकामा करून पुन्हा भरणाऱ्यांचा मला फार राग येतो. विदर्भात उन्हाळ्यात किती गावं टँकरची वाट बघत असतात हे मी नोकरीत जवळून पाहिलं आहे. पाणी टिकवता येतं, फक्त रोज अर्धा तास द्यावा लागतो.

टिकवायचं म्हणजे तीन कामं. फिल्टरचा पंप तासाला 1250 लिटरचा असेल तर तो रोज चार-पाच तास चालवा, म्हणजे सगळं पाणी एकदा तरी गाळलं जातं. जाळी तीन दिवसांनी धुवा. दुसरं झाकण. माझ्या फुटपट्टीवर मे मध्ये उघड्या हौदाचं पाणी दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर उडत होतं, म्हणजे 70 लिटरच्या वर. रात्री आणि मुलं नसताना झाकलं की ते पुष्कळ वाचतं, शिवाय डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो.

तिसरं क्लोरीन. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर चालते, पण ताजी हवी. जुनी झाली की तिची ताकद उतरते. साडेचार हजार लिटरला 30 ग्रॅम ताजी टीसीएल टाकली की क्लोरीन साधारण 2 पीपीएमने, म्हणजे लिटरमागे 2 मिलीग्रॅमने, वाढतं. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या, त्यात पावडर ढवळा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं निवळच हौदात ओता. खाली बसलेला चुना आत गेला तर पाणी दुधट होतं. हे काम सूर्य मावळल्यावर करा, कडक उन्हात क्लोरीन तासा-दोन तासांत उडून जातं. सकाळी मुलं उतरण्याआधी ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन बघण्याची चाचणी. आम्ही क्लोरीन 1 ते 3 पीपीएमच्या आणि पीएच (पाण्याची आम्लता) 7.2 ते 7.8 च्या दरम्यान ठेवतो. बाजारात टीसीसीए या दुसऱ्या क्लोरीनयुक्त रसायनाच्या गोळ्याही मिळतात. त्या आणि टीसीएल एका भांड्यात, एका चमच्याने, एका डब्यात कधीही येऊ देऊ नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू निघतो, भडकाही उडतो.

विजेच्या बाबतीत हातचं राखू नका. पंपाचं पॉइंट हौदापासून साडेतीन मीटर लांब, पक्कं अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. एक्स्टेन्शन बोर्ड आंगणात ओढत आणू नका. मुलं पाण्यात असताना आमच्याकडे पंपाचा प्लगच काढून ठेवलेला असतो.

आणि मुलांबद्दल. 30 इंच म्हणजे मोठ्यांच्या मांडीपर्यंत, पण तीन वर्षांच्या मुलाच्या नाकातोंडाशी. बुडणारं मूल ओरडत नाही, हात मारत नाही, शांतपणे खाली जातं. म्हणून कोणीतरी एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, फोन घरात ठेवून. आमच्याकडे त्या माणसाच्या गळ्यात माझी जुनी शिट्टी असते. उठायचं झालं तर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच उठायचं. मुलं बाहेर आली की शिडी काढून खोलीत कुलूपबंद. मागच्या दाराला मी पाच फुटांवर कडी लावून घेतली. सूर मारायला सक्त मनाई.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मान्सून यायच्या आत, हौद उतरवायचा. त्याआधी तीन दिवस टीसीएल बंद करा, क्लोरीन उडून जातं आणि ते पाणी झाडांना चालतं. आमचं संत्र्याचं आणि दोन जास्वंदीची झाडं त्यावर आठवडाभर निघतात. उरलेलं आंगण धुवायला. कापड साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवा, घड्यांमध्ये अंगाची पावडर शिंपडा आणि माळ्यावर उंदीर पोचणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत ठेवा. नळ्यांच्या जोडांवर ऑइल पेंटने नंबर टाका.

मुरमाचा गोल मात्र उचलू नका. पावसाळ्यात त्यावर हराळी चढू देऊ नका, आणि एप्रिलमध्ये कापड बाहेर काढण्याआधी पुन्हा एकदा नळी लावून चारही बाजू मोजा.