तस्करीग्रस्त परदेशी स्त्रीला ठाणे-नवी मुंबईत कायद्याची मदत कशी मिळवून द्यावी

आधी तिची सुरक्षितता पाहावी. तातडी असल्यास ११२ वर, आणि पीडित अल्पवयीन असल्यास १०९८ वर कळवावे. गुन्हा कोठेही घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) तक्रार नोंदवता येते.

पारपत्र नसल्याने आपणच अटकेत जाऊ, ही तिची भीती खरी असते आणि दलाल या भीतीवरच जगतात. म्हणून जबाबात तिला कोणी, कसे फसवून आणले आणि कागद कोणी काढून घेतले, हे सविस्तर यावे. कारण ती स्वेच्छेने आलेली नाही असे तपासात दिसल्यास तिच्यावर आरोपपत्र ठेवू नये, आणि ठेवले असल्यास खटला मागे घेण्यासाठी पावले उचलावीत, अशी केंद्रीय गृह मंत्रालयाची २०१२ची सूचना आहे. वकिलाने ती लेखी दाखवावी, तोंडी सांगून भागत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२नुसार तस्करीच्या पीडितेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज ठाणे जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे करावा किंवा १५१०० वर विचारावे. खारघर-पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात येते, म्हणून तिथला अर्ज रायगडच्या प्राधिकरणाकडे करावा. नुकसानभरपाईचा अर्जही त्याच वकिलाकडून करून घ्यावा.