चंपाषष्ठी, तळी आणि भंडारा: खंडोबाच्या कुलाचारात या चुका टाळा

मार्गशीर्ष लागला की खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांत ठरलेली धांदल सुरू होते. घट कधी बसवायचा, तळीला माणसं किती लागतात, भंडारा, म्हणजे देवाला उधळायची हळद, कुठून आणायची? सांगणारी थोरली माणसं घरात नसली की मोबाइलवर जो पहिला विधी सापडेल तो मल्हारीच्या नावाने उरकला जातो. मग काय चुकतं ते पाहू.

पहिली गफलत दिवसांची. खंडोबाचं हे नवरात्र असलं तरी नऊ दिवसांचं नाही. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, घट बसतो आणि चंपाषष्ठीला, म्हणजे शुद्ध षष्ठीला, उठतो. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर एखादा दिवस कमी-जास्त होतो, त्याने घाबरू नये. पंचांगात षष्ठी पाहून घट हलवावा. नंदादीप मालवला तरी अपशकुन मानू नका. काजळी काढा, तेल घाला, पुन्हा लावा. पहिल्या दिवसापासून शेजारी दुसरा दिवा तेवत ठेवला तर ही धास्तीच उरत नाही. कर्नाटक-आंध्रात हीच तिथी सुब्रह्मण्याची, म्हणजे कार्तिकेयाची असते. दोघेही योद्धे देव, म्हणून लोक कार्तिकस्वामीचे नियम इथे लावतात. तसं करू नये.

नैवेद्यातली चूक मात्र मला खटकते. देवाचं म्हणून बिनकांदा-लसणाचं ताट वाढलं जातं. खंडोबाला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा आणि लसूण लागतो. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडणारी कितीतरी घरं याच दिवशी ते पुन्हा खायला लागतात. हा रानात, शेतात, मेंढरांमागे फिरणाऱ्यांचा देव आहे, त्याचं ताटही तसंच असतं. एक घास कुत्र्यासाठी काढायला विसरू नका, कारण घोड्याबरोबर कुत्राही देवाच्या सोबतीला असतो. बोकडाचा मान देण्याची रीत असेल, तरी परंपरेने तो देवाला शरण आलेल्या मणी राक्षसाचा समजतात. मल्हारीचा नैवेद्य शाकाहारीच.

मणी म्हटलं की कथेतली चूक आलीच. मुलांना सांगताना 'देवाने दोन राक्षस मारले' एवढ्यावर आपण थांबतो. ऋषींना छळणाऱ्या मणी आणि मल्ल या भावांशी लढायला शंकराने मार्तंडभैरवाचं, म्हणजे खंडोबाचं, रूप घेतलं, हे खरं. पण कथेचा गाभा पुढे आहे. मणीने शेवटी शरण येऊन आपला घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागितली. ती त्याला मिळाली. मल्ल मात्र अखेरपर्यंत वाकला नाही, म्हणून त्याचं मस्तक पायरीशी ठेवलं गेलं. शरण आलेल्या शत्रूला जवळ घेणारा हा वीर आहे. खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचं पात्र हातात घेतलेली मूर्ती दाखवताना हेही सांगावं.

तळी उचलण्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा ठेवतात. विषम संख्येने माणसं गोल बसतात, पाच असली तर उत्तम, तीनही चालतात. 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत ताम्हन सगळ्यांनी मिळून तीनदा उचलायचं. एकट्याने उचलून बाकीच्यांनी टाळ्या वाजवणं म्हणजे तळी नव्हे. घरात पुरुष कमी आहेत म्हणून तळी टाळणारे भेटतात, त्यांना माझं सांगणं आहे की लेकी-सुनांना बसवा. खंडोबाची पत्नी म्हाळसा देवाबरोबर घोड्यावर बसून युद्धात उतरते. तिच्या लेकींचा हात तळीला का लागू नये?

आता भंडारा. तो म्हणजे हळद, बाजारातली स्वस्त पिवळी पूड नव्हे. भेसळीच्या रंगाने डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. पेल्यातल्या पाण्यात चिमूटभर टाकून पाहा: चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर ती पूड उधळू नका, खोबऱ्याला तर लावूच नका. पेटत्या दिवटीवर किंवा आरतीवर मूठभर भंडारा फेकणं धोक्याचं आहे. हवेत उडालेली बारीक पूड भडकते. आधी आरती उरकावी, दिवटी बाजूला न्यावी, मग उधळण.

जागरण-गोंधळ जरूर घाला, खंडोबाची गाणी गाणाऱ्या वाघ्या-मुरळीच्या कलेला मान आणि योग्य बिदागी द्या. पण नवसापोटी मुलगी मुरळी म्हणून देवाला वाहणं हा गुन्हा आहे. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा 1934 सालीच झाला. असा नवस कुणी बोललं असेल तर तो फेडू नका.

जेजुरीला पहिल्यांदा जाणारे गडकोट पाहून परततात आणि जुनं ठाणं कडेपठार राहूनच जातं. तिथली चढण बरीच मोठी आहे, म्हणून सकाळी लवकर निघावं, सोबत पाणी ठेवावं. सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते तेव्हा गर्दी अफाट असते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर एखादा साधा रविवार निवडा. आणि तुमचं ठाणं जेजुरीच आहे, असं धरून चालू नका. कुणाचं पाली, कुणाचं मंगसुळी, कुणाचं नांदेडकडचं माळेगाव. भाऊबंदांना विचारून खात्री करा. अणदूर-नळदुर्गचा देव तर काही काळ एका गावी, काही काळ दुसऱ्या गावी असतो. त्यामुळे निघण्याआधी तो सध्या कुठे आहे ते पुजाऱ्यांकडून कळवून घ्या.