पैसे आले नाहीत, पण २६एएसमध्ये दिसतात: रिटर्न भरण्याआधीची तयारी

मार्चमध्ये पाठवलेल्या बिलाचे पैसे मे महिन्यात येतात, पण क्लायंट ३१ मार्चच्या आतच ते खर्चात दाखवून टीडीएस (तुमच्या वतीने सरकारकडे भरायचा कर) कापून मोकळा होतो. त्याचं चुकत नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४जेनुसार (व्यावसायिक फीवरची कपात) रक्कम तुमच्या नावे जमा मांडली किंवा प्रत्यक्ष दिली, यातलं जे आधी घडेल तेव्हाच कपात करावी लागते. चौथ्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र भरायची मुदत ३१ मे. तेव्हा जूनच्या मध्यापर्यंत २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या टीडीएसची आयकर खात्याकडची यादी) अपुरं समजा आणि तोवर बिलं, बँक स्टेटमेंट नि फॉर्म १६ए (क्लायंटने द्यायचं टीडीएस प्रमाणपत्र) जमवून ठेवा. २६एएसमधल्या प्रत्येक नोंदीसमोर बिल क्रमांक आणि पैसे आल्याची तारीख लिहा. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ फीवरच कापला जातो. म्हणजे १,००,००० फी नि १८,००० जीएसटी अशा १,१८,००० रुपयांच्या बिलावर १०,००० टीडीएस कापला, तर त्यासमोर २६एएसमध्ये १,००,००० आणि बँकेत १,०८,००० दिसणं बरोबरच आहे. या फरकापायी उगाच संध्याकाळ घालवू नका.

मग हिशेबपद्धत पाहा. मर्कंटाइल पद्धत (बिल केलं की उत्पन्न धरायचं) असेल तर पैसे येवोत न येवोत, मार्चचं बिल २०२५-२६ चंच उत्पन्न. रोख पद्धत (पैसे आले की उत्पन्न धरायचं) असेल तर ते पुढच्या वर्षी जातं, आणि आयकर नियम ३७बीएप्रमाणे टीडीएसही उत्पन्नामागोमाग तिकडेच जातो. सोयीप्रमाणे दरवर्षी पद्धत बदलता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: उत्पन्न पुढे ढकलायचं, पण टीडीएसचा परतावा आत्ताच मागायचा. आकडे जुळत नाहीत, क्रेडिट अडतं आणि नोटीस येते. ६०,००० च्या बिलावर ६,००० कापले असतील तर आयटीआर ३ (व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांचा रिटर्न फॉर्म) च्या टीडीएस तक्त्यात ते दाखवा, यंदाच्या दाव्यात शून्य लिहा आणि पुढे नेण्याच्या रकान्यात ६,००० टाका. निम्मे पैसे मार्चमध्येच आले असतील तर दावाही निम्माच, ३,००० चा. सगळे पैसे पुढच्या वर्षीच आले तर तेव्हा उत्पन्न दाखवताना बँकेत आलेले ५४,००० नव्हे, पूर्ण ६०,००० धरा. एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरचं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक विवरण) त्या नोंदीवर ती दुसऱ्या वर्षाची असल्याचा प्रतिसाद नोंदवून पावती जपून ठेवा.

पगाराला ही पळवाट नाही. थकलेला पगारही देय झाला त्याच वर्षी करपात्र होतो.

मुदत संपल्यावरच व्याज देणाऱ्या एफडीतही हाच पेच आहे: बँक दरवर्षी व्याज मांडते, मर्यादा ओलांडली की टीडीएस कापते, पैसे मात्र ५ वर्षांनी मिळतात. आमच्या मते इथे व्याज दरवर्षी दाखवलेलंच बरं, नाहीतर सगळं एका वर्षात येऊन वरच्या स्लॅबमध्ये ढकलतं. मात्र दरवर्षीचं व्याज प्रमाणपत्र फाइलला लावा. मुदतपूर्तीच्या वर्षी ती हाताशी नसतील तर कर भरलेलं व्याज पुन्हा उत्पन्नात धरलं जातं.