हातच्याच्या वजाबाकीचा खेळ: आधी जुडी सोडा, मग काड्या द्या

लुडोच्या घराघरांत गणितं लिहायची आणि उत्तर आलं की सोंगटी सरकवायची, याला कृपा करून खेळ म्हणू नका. ती घटक चाचणीच, फक्त फासा लावलेली. पोरगं चाल खेळतं त्या चालीतच वजाबाकी व्हायला पाहिजे. दुसरी-तिसरीच्या पोरांसाठी हे करा.

तुराटीच्या शेंड्याकडच्या बारीक काड्या बोटभर तोडा आणि दहा-दहाच्या जुड्या बांधा. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरं कापा. सुतळीची गाठ लहान बोटांना सुटत नाही. नऊ चिंचोके खरबरीत दगडावर एका बाजूने पांढरे होईस्तोवर घासा. साधा फासा नको, त्यात ७, ८, ९ पडतच नाहीत.

दोघांनाही चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या, म्हणजे ४२. चिंचोके टाका, जितके पांढरे, तितक्या काड्या टोपलीत. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला.

खरी गोची पहिल्याच फेरीत होते आणि माझा डाव नेहमी इथेच अडायचा. पडले सात, सुट्या दोनच. किराण्याला जाणारं पोरगं लगेच म्हणतं, “हे घे जुडी, तीन काड्या वापस दे.” हिशेब चोख आहे. त्याला चूक म्हणाल तर ते पुन्हा तोंड उघडणार नाही. पण यात दशक फुटतच नाही, आणि वहीत ४ खोडून ३ का करायचे, २ चे १२ कुठून आले, हे कोडंच राहतं. म्हणून सुरुवातीच्या डावांत मोड बंद. ज्याची जुडी त्यानेच रबर काढायचं, बाराही काड्या जमिनीवर पसरायच्या, त्यातून सात द्यायच्या. कोणी आधी दोन सुट्या देऊन मग जुडीतल्या पाच देतं. तेही चालू द्या.

पोरगं जुडीकडे बघत गप्प बसलं तर बसू द्या. “अरे, सोड ना जुडी!” असं ओरडणारे काका-मामा मी सरळ ओसरीवर पाठवतो.

पाटीवर ४२ − ७ = ३५ लिहायचं ते चाल झाल्यावर, आधी कधीच नाही. समोरच्याने चूक पकडली तर चुकणाऱ्याला दोन काड्या जास्त. त्यामुळे दोघंही मोजत राहतात. शेवटी नेमकं शून्यच आलं पाहिजे, हा हट्ट सोडा. डाव रेंगाळतो.

४२ सोपे वाटू लागले की दहा जुड्यांची एक मोळी बांधून १०० वरून सुरू करा. आधी मोळी सुटेल, मग जुडी.