ओल्या भिंतीला रंग लावण्याआधी

गणपती पंधरा दिवसांवर आले की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत काळवंडलेल्या भिंतींवर रंगाचा हात फिरू लागतो. कृपा करून थांबा. ओल्या भिंतीवरचा रंग पापुद्रे धरून सुटतो आणि बुरशी घरातल्या दमेकऱ्याला छळत राहते. आधी पाणी येतं कुठून ते शोधा.

डागाजवळची भिंत फडक्याने पुसून हातभर लांब-रुंद असं जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा. दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे असतील तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या अंगाला असतील तर ती हवेतली.

भिंतीतली असेल तर डागाची जागा बघा. जोत्यापासून दोन-तीन फूट चढलेला, पांढरी खारट पूड सुटलेला डाग म्हणजे जमिनीचं पाणी. बाहेर जोत्याला टेकलेली माती काढा, पाण्याला उतार द्या. वरून ओघळ आलेत? फुटकं कौल किंवा तुंबलेली पन्हळ. पश्चिमेची भिंत पसरट भिजली असेल तर ती झड. जुनी माणसं त्या अंगाला पावसाआधी झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधत, ते उगीच नाही. भिंतीचा जांभा दगड पाणी पितो तसं उघाडीला सोडतोही, फक्त त्याला श्वास घेऊ द्यायला हवा. आमच्याकडे त्याच भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट दिला. दुसऱ्याच पावसाळ्यात रंगाला लिंबाएवढे फुगे आले. एक टोचला तर बोटावर पाणी ओघळलं. शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला.

आता हवेतली ओल. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतल्या २८ अंशांच्या हवेत जास्तीत जास्त एक लिटरभर पाणी वाफ होऊन राहतं. हाताने पिळलेल्या बादलीभर कपड्यांत त्याच्या दुप्पट सहज असतं. म्हणून दोरी पडवीत बांधा, माजघरात नको. न्हाणीघराचा एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतरही वीस मिनिटं चालू ठेवा, दाराखाली फट असू द्या. त्याचं तोंड माळ्यावर नव्हे, घराबाहेर उघडायला हवं. भरपावसात खिडक्या उघडून घर सुकत नाही, उघाड मिळाली की समोरासमोरच्या उघडा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

एसी असेल तर जास्त जपा. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना ती हवा २५ अंशांनाच पाणी सोडू लागते. २० अंशांवर गार केलेल्या खोलीची भिंत पलीकडून घामेजते, ती म्हणूनच. २६ वर ठेवा, जोडीला पंखा लावा, खिडक्या बंद.

आलेली बुरशी मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा. कोरडी घासली तर घरभर उडते. गणपतीपुरती चुन्याची सफेदी करा. पक्क्या रंगाचं दिवाळीनंतर बघू, तेही प्लास्टिक पुन्हा चिकटवून, दोन दिवसांनी ते दोन्हीकडून कोरडं निघालं तरच.