दुसऱ्या खेपेची तपासणी: ‘मला सगळं माहीत आहे’ म्हणताना होणाऱ्या चुका

पहिल्या खेपेला, म्हणजे पहिल्या गरोदरपणात, बाई उपकेंद्रात येते तेव्हा सोबत सासू असते, नणंद असते, नवरा दाराशी गाडी लावून थांबलेला असतो. दुसऱ्या खेपेला तीच बाई एकटी येते. कडेवर दोन वर्षांचं पोर, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच प्रश्न, “सिस्टर, लवकर सोडाल न्हवं? कुकर लावायचाय अजून.”

करवीर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी एएनएम आहे. एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, शिकलेली सुईणच म्हणा. आमच्याकडे पहिलटकरणीची काळजी सगळ्यांना असते. दुसऱ्या वेळची बाई मात्र ‘अनुभवी’ म्हणून सगळ्यांच्या नजरेतून सुटते, आणि ती स्वतःही स्वतःकडे बघत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या बाळंतपणाचे कागद माहेरी राहतात

सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखाना माहेरचा, फाईल माहेरच्या कपाटात. दुसऱ्या वेळी नोंदणी सासरच्या उपकेंद्रात होते आणि माझ्यासमोर कोरं कार्ड असतं. मग मी विचारते, “पहिल्या वेळी काय त्रास झाला होता?” उत्तर ठरलेलं: “काय नाही, सगळं नॉर्मल.”

एक बाई अशीच आली होती, अकरावा आठवडा. “शेवटी जरा बीपी वाढलं होतं, एवढंच.” मी तिच्या भावाला डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलवर पाठवायला लावला. त्यात मॅग्नेशियम सल्फेट दिल्याची नोंद होती. हे इंजेक्शन झटके येऊ नयेत म्हणून देतात. म्हणजे ‘जरा बीपी’ नव्हतं ते. पहिल्या वेळी असं झालेल्या बाईला दुसऱ्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. डॉक्टर अशा वेळी कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात, आणि ती बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तरच तिचा पुरता उपयोग. तो फोटो दोन महिने उशिरा आला असता तर ती वेळ निघून गेली असती. (ही गोळी स्वतःच्या मनाने कुणीही घेऊ नका.)

तेव्हा पहिल्या भेटीला येण्याआधी माहेरी फोन करा. डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, जे सापडेल त्याचा फोटो मागवा. सिझर झालं असेल तर ते का झालं, हे कार्डावर लिहिलेलं असतं. पोटावरचा वण बघून आतल्या गर्भाशयावर टाका कसा घातलाय ते कळत नाही, म्हणून ‘वण दिसतोय की’ हे उत्तर पुरत नाही. पहिलं बाळ किती किलोचं होतं, किती आठवड्यांचं होतं, बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त झाला होता का, रक्ताची पिशवी लागली होती का, वार हाताने काढावी लागली होती का, हे सगळं सांगा. शुगर वाढली होती का, तेही. पहिल्या बाळंतपणानंतर कित्येक आठवडे रडू येत होतं, झोप लागत नव्हती, बाळाकडे बघावंसं वाटत नव्हतं, असं काही झालं असेल तर तेसुद्धा सांगा. तोही तब्येतीचाच इतिहास आहे.

मधली गोष्ट लपवणं

दोन बाळंतपणांच्या मध्ये कधी गर्भ पडलेला असतो, कधी दुकानातून गोळ्या आणून पाडलेला असतो. सासू शेजारी बसली असली की ते सांगितलं जात नाही. मला त्यात दोष काढायचा नाही. पण मला ते कळायला हवं. “सिस्टर, जरा एकटीशी बोलायचंय” एवढं म्हणा, बाकीच्यांना मी बाहेर बसवते. तुमची गोष्ट माझ्याकडून कुणाला कळणार नाही.

रक्तगट निगेटिव्ह असलेल्या बाईच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. नवऱ्याचा रक्तगट पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या बाळंतपणाच्या किंवा गर्भपाताच्या वेळी बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं आणि आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला बहुधा त्याचा त्रास होत नाही, फटका बसतो तो पुढच्या बाळाला. म्हणून बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. ते पहिल्या वेळी मिळालं होतं का, हा प्रश्न मी तीन-तीनदा विचारते. दुसऱ्या खेपेला सुरुवातीलाच कूम्ब्स नावाची रक्ततपासणी होते, आणि प्रतिपिंडं नसतील तर २८ व्या आठवड्याला अँटी-डी पुन्हा दिलं जातं.

“पाळीच सुरू झाली नव्हती”

अंगावर पाजताना दिवस राहतात, पाळी आलेलीच नसते, आणि चौथा महिना लागला तरी बाईला पत्ता नसतो. ‘दूध पाजतोय तोवर काय होत नाही’ या भरवशावर राहू नका. शंका आली की तपासा. शेवटच्या पाळीची तारीख आठवत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून दिवस नीट मोजता येतात, नंतर तो हिशेब ढिला होत जातो. तारीख चुकली की पुढे कळा लवकर आल्या की वेळेवर, बाळ लहान आहे की दिवसच कमी आहेत, सगळाच गोंधळ.

नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. त्यानंतर किमान तीन तपासण्या: एक १४ ते २६ आठवड्यांत, एक २८ ते ३४ मध्ये, एक ३६ नंतर. किमान म्हणतेय. पहिल्या वेळी बीपी, शुगर, सिझर यांतलं काही असेल तर जास्त वेळा यावं लागेल.

आणि थोरल्याचं दूध तोडायचं का? पोटुशीचं दूध थोरल्याला बाधतं, असं घरी सांगतात. ते खरं नाही. बहुतेक बायकांना पाजणं चालू ठेवता येतं. रक्तस्राव होत असेल किंवा आधी वेळेपूर्वी बाळंतपण झालं असेल तर मात्र आधी विचारा.

“रक्त तपासलंय की मागच्या वेळी”

रक्तगट बदलत नाही, बाकी सगळं बदलतं. हिमोग्लोबिन, लघवी, शुगर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-बी या तपासण्या प्रत्येक खेपेला नव्याने करायच्या असतात. शुगरसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर पुढची पावलं उचलायची. पहिल्या भेटीत चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. दोन तास थांबावं लागतं, म्हणून पोराला सांभाळायला कुणाला तरी आणा. निम्म्या बायका तिथूनच निघून जातात आणि तपासणी अर्धी राहते. थोरल्याचा बूस्टर डोस राहिला असेल तर त्याचंही कार्ड बरोबर घ्या. लसीकरणाच्या दिवशी दोघांचं काम एका फेरीत होतं.

धनुर्वाताच्या टीडी लसीचंही तसंच. मागच्या खेपेला दोन डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील तर एक बूस्टर पुरतो. नाहीतर पुन्हा दोन. हेही मागच्या कार्डावरूनच ठरतं.

लोहाची गोळी आणि चहा

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेलं तर गोळीवर भागत नाही, थेट मोठ्या दवाखान्यात. दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल तर शरीराचा लोहाचा साठा भरलेलाच नसतो. माझं स्वतःचं दुसऱ्या वेळी ८ वर आलं होतं. नर्स असूनही. रोज दुसऱ्यांना गोळ्या वाटत होते आणि माझी राहून जायची.

चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या. शौचाला काळं होतं, त्याने घाबरून गोळी सोडू नका. मळमळ फारच होत असेल तर सांगा, दुसरा मार्ग काढू. गोळ्या डब्यात लपवून “खाल्ल्या” म्हणू नका, कारण मग हिमोग्लोबिन का वाढत नाही याचा शोध मी भलतीकडेच घेत बसते.

आणि कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मला प्रिय आहे, पण नऊ महिने नको. कच्च्या दुधातून होणारे काही आजार गर्भाला घातक असतात. उकळून प्या.

सोनोग्राफीकडून भलती अपेक्षा

पहिली मुलगी असली की दुसऱ्या सोनोग्राफीला घरातल्यांचे चेहरे बदलतात. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी बाळात व्यंग आहे का ते पाहण्यासाठी असते. लिंग विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली होत्या. राजर्षी शाहूंच्या जिल्ह्यात. ते मला अजून सलतं. कुणी दबाव आणत असेल तर मला सांगा, आशाताईला सांगा. आणि नोंदणी करून ठेवा. दुसरं अपत्य मुलगी झाली तर मातृवंदना योजनेत सहा हजार रुपये आईच्या खात्यावर येतात. पैशासाठी मुलगी नको असतेच, पण हक्काचं ते सोडू नका.

फक्त माझ्याकडेच येणं

हेही चुकतं. मी बीपी घेते, पोट तपासते, बाळाचे ठोके ऐकते, पण दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर मोफत तपासतात. निदान एकदा तरी चौथ्या महिन्यानंतर तिथे जाच. आधी सिझर असेल तर वार कुठे आहे, जुन्या टाक्यावर आहे का, हे डॉक्टरांनीच पाहायला हवं. आणि बाळंतपण कुठे करायचं ते तेव्हाच ठरवा. ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असेल तिथेच, मग तो कोल्हापूरचा सरकारी सीपीआर दवाखाना असो की खासगी. “पहिलं सिझर झालं, आता नॉर्मल होईल का?” हा प्रश्न घरी चर्चा करून सुटत नाही, कागद आणि डॉक्टर समोर ठेवूनच सुटतो.

शेवटच्या महिन्यातला अंदाज

दुसऱ्या वेळी बाळाची हालचाल लवकर कळते, सोळाव्या आठवड्याच्या आसपाससुद्धा. पोटही लवकर दिसतं. सदतिसाव्या आठवड्यात डोकं खाली उतरलं नाही म्हणून घाबरू नका, दुसऱ्या खेपेला कित्येकदा ते कळा सुरू झाल्यावरच उतरतं. पण हालचाल कमी झाली तर ‘थोरल्याच्या मागे धावताना कळलं नसेल’ असं म्हणून उद्यावर ढकलू नका. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं जोरात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटका, यांतल्या कशालाही वाट बघायची नाही.

कळा या वेळी बहुधा लवकर आटोपतात. पहिल्या वेळी रात्रभर लागल्या म्हणून आताही सकाळपर्यंत थांबू, असं करणाऱ्या बायका गाडीतच बाळंत होतात. नियमित कळा सुरू झाल्या की निघा. १०२ किंवा १०८ ला फोन करा. थोरलं पोर कुणाकडे राहणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून त्याला तिथे दोन-तीन रात्री झोपवून बघा. ते न ठरल्यामुळे दाराशी आलेली गाडी थांबवून ठेवलेली मी पाहिली आहे.

तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर आणखी एक. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट, धोका ४३ फूट. गगनबावड्याचा रस्ता, रत्नागिरीचा रस्ता, नदीकाठची गावं, पाणी चढलं की दवाखाना समोर दिसत असूनही गाठता येत नाही. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण सगळ्यांनी पाहिलाय. ३९ चा आकडा ऐकला की नववा महिना लागलेल्या बायकांना आम्ही शहरातल्या नातेवाइकांकडे हलायला सांगतो. २०२१ ला आमच्या दोघी जणी अशाच आदल्या दिवशी हलल्या, एक बहिणीकडे, एक मावशीकडे. पाणी उतरल्यावर दोघी बाळं घेऊन परत आल्या आणि कार्डावर वजन लिहून घेतलं: एकाचं २.८, एकाचं ३.१.